16 इंची किकची तीच ती रड: सरकणं, टपटपणं आणि सैल पडणारे रॉड

तक्रार साधारण अशी असते. घरी जुळवलेलं छोटं ड्रम किट झकास वाजतं. बाहेर नेलं की दुसऱ्या गाण्यापर्यंत किक (पायाने पेडल दाबून वाजवायचा आडवा ड्रम) हातभर पुढे गेलेली असते, ‘धम्’चा ‘टप्’ झालेला असतो आणि वादन संपेपर्यंत खालचे दोन रॉड (ड्रमचा पडदा ताणून धरणारे लांब स्क्रू) नुसत्या बोटांनी फिरतील इतके सैल पडलेले असतात. मग एकेका गोष्टीवर वेगळा इलाज सुरू होतो. सरकते म्हणून पुढे वजन लावायचं, टपटपते म्हणून आत उशी कोंबायची, रॉड सुटतात म्हणून ते अजून आवळायचे. पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. रोग रेड्याला, औषध पखालीला.

या तिन्ही तक्रारी एकाच घरातल्या आहेत. ड्रम लहान आणि हलका केला की ताण, वजन आणि उंची या तीन गोष्टी एकदम बदलतात, आणि बाजारातलं बाकीचं सामान (पेडल, स्पर म्हणजे किकचे पुढचे तिरपे पाय, हेड म्हणजे ड्रमचा पडदा) 20-22 इंची ड्रम गृहीत धरून बनलेलं असतं. त्यामुळे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी बीटरची, म्हणजे पेडलच्या ठोका देणाऱ्या दांडीची उंची, मग ड्रमचा पाया, मग हेड आणि ताण, सगळ्यात शेवटी रॉड. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर मागचं काम मोडतं.

हे सगळं 16 इंची किकबद्दल आहे, मग ती मुळातच किक म्हणून बनलेली असो किंवा फ्लोअर टॉम (एरवी तीन पायांवर उभा असणारा ड्रम) आडवा करून केलेली. 18 इंचीला यातलं बरंचसं लागू पडतं, पण त्रास कमी असतो. 14 इंचीवर किक करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. माइकशिवाय तिच्यातून खालचा आवाज काढणं म्हणजे भांडण आहे, आणि त्या भांडणात ड्रमच जिंकतो.

गणित एकदा बघून घ्या

ताणलेल्या गोल पडद्याचा मूळ स्वर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तेच हेड, तोच ताण ठेवून 22 इंचावरून 16 वर आलात, तर कंपनसंख्या 1.375 पट होते. स्वरांत सांगायचं तर साडेपाच अर्धस्वर वर. षड्जावरून निघालात, शुद्ध मध्यम ओलांडला आणि तीव्र मध्यमाच्या वाटेला लागलात.

तो स्वर परत खाली आणायचा तर ताण कमी करावा लागतो, आणि स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून 22 इंचीचा स्वर 16 इंचीवर हवा असेल तर हेडवरचा ताण जवळपास निम्म्यावर, साधारण 53 टक्क्यांवर आणावा लागतो. 18 इंचीवर हाच आकडा 67 टक्के येतो, म्हणून ती कमी रडवते. प्रत्यक्षात ड्रमच्या आतली हवा, पुढचं हेड आणि हेडचं वजन यांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच.

ताण निम्मा म्हणजे रॉडच्या आट्यांत घर्षण कमी. ते सुटणारच. ताण निम्मा म्हणजे बीटर हेडमध्ये रुतणार आणि उसळी कमी येणार, म्हणून पाय नकळत जास्त जोर लावणार. जास्त जोर आणि हलका ड्रम, मग तो सरकणारच. आता कोणत्या धाग्याला हात घालायचा ते ठरवू.

बीटर नेमका कुठे आदळतोय?

माझ्या मते निम्म्याहून जास्त ‘छोट्या किकला आवाजच नाही’ या तक्रारी इथेच संपतात, आणि तरी लोक आधी नवीन हेड आणतात.

बीटरच्या डोक्यावर खडू घासा, चार-पाच ठोके मारा आणि खूण बघा. 16 इंची ड्रम थेट जमिनीवर ठेवला तर त्याचा मध्य हूपची (हेड धरून ठेवणाऱ्या कड्याची) जाडी धरून साडेआठ इंचांच्या आसपास येतो. बऱ्याच पेडलांचा बीटर नेहमीच्या लांबीला त्याच्या इंच-दोन इंच वर आदळतो. 22 इंची ड्रमवर दोन इंचांनी फारसं बिघडत नाही, कारण तिथे त्रिज्या 11 इंच आहे. 16 इंचीवर तेच दोन इंच म्हणजे त्रिज्येचा चौथा हिस्सा.

याने आवाज का बदलतो? हेड बरोबर मध्यावर मारलं की ते एकसंध वर-खाली होतं, तोच मूळ स्वर. मध्यापासून बाजूला मारलं की अर्धं हेड वर आणि अर्धं खाली असंही हलायला लागतं. त्या हालचालीचा स्वर आदर्श पडद्यात मूळ स्वराच्या 1.59 पट असतो. मध्यावर मारल्यावर हा प्रकार जागाच होत नाही, कारण त्याची स्थिर रेषा मध्यातूनच जाते. म्हणजे बीटर वर लागला की तुम्ही स्वतःच टॉमसारखा आवाज मागून घेता आणि मग तो दाबायला आत उशी घालता.

उपाय दोन आहेत. पहिला फुकटचा: बीटरची दांडी खाली सरकवा. पण याला मर्यादा आहे. दांडी आखूड झाली की तरफ आखूड होते, ठोका हलका पडतो आणि दांडीचं खालचं टोक फूटबोर्डला किंवा बुटाला लागायला लागतं. अर्धा-पाऊण इंच या मार्गाने मिळतो, त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका.

दुसरा उपाय म्हणजे ड्रम उचलणं. याला लिफ्ट किंवा राइजर म्हणतात. कंपन्या हे जाणतात. लुडविग या ड्रम कंपनीने क्वेस्टलव्ह या अमेरिकन ड्रमवादकाबरोबर 2013 मध्ये काढलेल्या ब्रेकबीट्स किटमध्ये 16 इंच व्यासाची, 14 इंच खोल किक आहे आणि तिच्याबरोबर राइजर येतो. तो चैनीचा भाग नाही, त्याच्याशिवाय ते किट अपुरं आहे. सुटे राइजरही मिळतात. घेताना एवढंच बघा की पेडल धरायला त्याला स्वतःची पट्टी आहे ना, कारण ड्रम वर गेला की हूपही वर जातो आणि पेडलच्या शिकंजात (हूपला धरणाऱ्या चिमट्यात) काही उरत नाही.

घरी करायचा असेल तर सुताराला फार वेळ लागत नाही. दोन आडव्या फळ्या, त्यांवर ड्रमच्या गोलाईला धरून तिरप्या कापलेल्या चार पाचरी, पाचरींवर रबर, आणि मागच्या बाजूला बाहेर आलेली 12 मिमी प्लायची जीभ, जिच्यावर पेडल बसेल. जिभेची उंची अशी हवी की शिकंजा आवळल्यावर पेडलची तळपट्टी जमिनीला सपाट टेकलेली राहील. जीभ किती बाहेर काढायची ते मापाने ठरवण्याऐवजी बीटर हाताने हेडला टेकवून ठरवा. टेकताना दांडी जवळपास उभी असली पाहिजे. जीभ फार मागे गेली की बीटर वरून खाली घसरत येतो आणि आवाज पुन्हा पसरट होतो.

किती उचलायचं? खडूच्या खुणेपासून मध्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच. एक इंच असेल तर एक. उगाच चार इंच उचललेला ड्रम पुढे सांगितलेला सरकण्याचा त्रास वाढवतो.

फ्लोअर टॉम आडवा करताना

इथे एक फसगत आहे, जी चित्रात दिसत नाही. फ्लोअर टॉमचे पाय शेलच्या, म्हणजे ड्रमच्या नळकांड्याच्या, अक्षाला समांतर बसतात. ड्रम आडवा केला की ते पाय जमिनीला समांतर होतात. स्परचं काम म्हणजे पुढे-खाली तिरपं रोवून धरणं, ते त्यांच्याकडून होत नाही. पायाचं वाकडं टोक फिरवून खाली टेकवता येतं आणि ड्रम गडगडायचा थांबतो, पण पुढे जायचा थांबत नाही. तेव्हा एकतर खरे स्पर बसवा, म्हणजे शेलला भोकं पाडणं आलं, किंवा ड्रम राइजरवर पट्ट्याने बांधून टाका आणि रोखायचं काम राइजरला द्या. चांगला जुना टॉम असेल तर मी भोकं पाडणार नाही. पट्टा पुरतो.

दुसरं म्हणजे लोखंडी हूप. टॉमचा दुमडलेला पत्र्याचा हूप पेडलच्या शिकंजात नीट बसत नाही, वाकतो आणि वाकला की त्या जागचं हेड सैल पडतं. राइजरला जीभ असेल तर हा प्रश्नच मिटला. नसेल तर मागच्या बाजूला लाकडी हूप आणि क्लॉ (हूपला वरून धरणारे आकडे) लावा, निदान हूप आणि शिकंजाच्या मध्ये जाड रबराचा तुकडा द्या.

तिसरा पाय काढला की त्याचं ब्रॅकेट रिकामं राहतं आणि त्याचा स्क्रू खुळखुळतो. पायाचाच एक तुकडा त्यात आवळून टाका.

सरकणं

आता उंची ठरली आहे, म्हणून पायाकडे वळायला हरकत नाही.

ड्रमपुढे वजन ठेवणं हा उपाय मला पटत नाही. घर्षण ड्रम आणि जमीन यांच्यातल्या दाबावर ठरतं. पुढे ठेवलेली वस्तू ड्रमला खाली दाबत नाही, फक्त आडवी येते. आणि मग दोघं मिळून सरकतात.

मुळात ढकलतं कोण? तुमचा पाय. टाच उचलून वाजवताना पोटरी तिरपी असते आणि जोराचा एक हिस्सा खाली न जाता पुढे जातो. स्टूल जितकं मागे, तितका तो हिस्सा मोठा. म्हणून पहिला उपाय फुकटचा: स्टूल पुढे घ्या, इतकं की पाय पेडलवर असताना पोटरी उभ्याच्या जवळ येईल आणि गुडघ्यातला कोन काटकोनाहून थोडाच मोठा राहील. लहान किटवर सगळं जवळ असतं, तरी मोठ्या किटची सवय म्हणून लोक मागे बसतात.

दुसरा उपाय पक्का आहे. तुमचा पाय ड्रमला जितक्या जोराने पुढे ढकलतो, तितक्याच जोराने तुमचं बूड स्टूलला मागे ढकलतं. स्टूल आणि किक एकाच गालिच्यावर असतील तर ही दोन्ही ढकलणी त्या गालिच्यातच एकमेकांना खातात, जमिनीपर्यंत काही पोचत नाही. शिवाय तुमचं सगळं वजन गालिचा दाबून धरतं. म्हणून गालिचा ड्रमपुरता लहान घेऊन उपयोग नाही, स्टूलचे पाय त्यावर आलेच पाहिजेत. लहान किटला साधारण 4 बाय 5 फुटांचा पुरतो. खालून रबर असलेला, विणीचा, केस नसलेला घ्या. लांब केसांच्या गालिच्यावर ड्रम आणि स्टँड दोन्ही डुलतात.

गालिचा नेणं शक्य नसेल तर एक पट्टा घ्या, बॅगेला असतो तसा, बकल असलेला. तो स्टूलच्या मधल्या नळीला खालच्या बाजूने आणि राइजरला किंवा पेडलच्या सांगाड्याला अडकवा आणि ताणून बसवा. तत्त्व तेच आहे. दिसायला ओबडधोबड, पण गुळगुळीत फरशीवर याच्याइतकं काहीच चालत नाही. फूटबोर्ड, साखळी आणि पट्टा एकमेकांत अडकणार नाहीत याची खात्री उठून बसून करून घ्या.

स्परची टोकं बघा. बहुतेकांना रबर फिरवून मागे घेतलं की आतून टोकदार खिळा निघतो. गालिच्यावर खिळा, फरशीवर रबर. उलटं केलंत तर फरशीवर चरे पडतील आणि ड्रम तरीही सरकेल. दोन्ही स्पर सारख्या लांबीचे ठेवा, लांबीवर खूण करून ठेवा आणि ड्रमचं पुढचं टोक अगदी थोडं उचललेलं राहील असे लावा. पेडलच्या तळाला वेल्क्रोची खरखरीत बाजू चिकटवली की ती गालिच्याला धरते. ही मदत आहे, पाया नाही.

आता हेड

उंची आणि पाया नीट झाल्याशिवाय हेडला हात लावू नका, कारण तोपर्यंत तुम्ही ऐकत असलेला आवाज हेडचा नसतोच.

वर म्हटलं की स्वर खाली आणायला ताण कमी करावा लागतो. दुसरी वाट हेड जड करायची. स्वर हेडच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जातो. एकपदरी हेड साधारण 10 मिलचं असतं, म्हणजे पाव मिलिमीटर. दुपदरी हेड 7 आणि 7 असं 14 मिलचं. तोच ताण ठेवून दुपदरी चढवलं तर कागदावर स्वर जवळपास तीन अर्धस्वर खाली येतो. लहान किकवर ही बचत फार मोलाची आहे, कारण तेवढा ताण तुम्हाला रॉडमध्ये राखता येतो. म्हणून मारायच्या बाजूला दुपदरी, किंवा कडेला पातळ रिंग असलेलं हेड घ्या. रेमोचं पॉवरस्ट्रोक 3 या दुसऱ्या जातीचं. इव्हान्सच्या ईमॅडमध्ये फोमची रिंग बाहेरून बसते आणि बदलता येते. त्यातली बारीक रिंग लावा, जाडी नको.

चढवायची रीत:

जुनं हेड काढलं की शेलची कड कोरड्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवून खाच आहे का बघा. हेड बसवा, सगळे रॉड बोटांनी आवळा. मग चावीने समोरासमोरच्या जोड्या धरून अर्धा-अर्धा फेरा. मध्यावर तळहात दाबला की कडेला सुरकुत्या दिसतील. ज्या रॉडजवळ सुरकुती आहे तोच थोडा आवळा. सगळ्या सुरकुत्या जेमतेम गेल्या की सगळ्यांना पाव फेरा द्या आणि थांबा. पुढच्या हेडला सुरकुत्या गेल्यानंतर अर्धा फेरा, म्हणजे ते मारायच्या हेडपेक्षा किंचित चढं. आता ड्रम जागेवर ठेवून पेडलने वाजवा, आणि वाजवणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी दहा पावलांवर उभं राहून ऐकावं. छोट्या किकचा आवाज स्टूलवर बसून नेहमी पोकळ वाटतो, समोर तो वेगळाच पोचतो.

‘टप्’ अजून उरला असेल तर पुढचं हेड पाव फेरा सैल करा. ‘धूंऽऽ’ असा लांबत असेल तर मारायच्या हेडच्या आतून, मध्यापासून बाजूला, फेल्टची एक पट्टी उभी द्या. उशी नको. एवढ्याशा शेलमध्ये हवाच थोडी असते. ती उशीने भरली की खालचा आवाज आधी मरतो आणि बीटरची टकटक तेवढी शिल्लक राहते. लोक मग म्हणतात, ‘16 इंची किक अशीच असते.’ नसते.

पुढच्या हेडला भोक पाडायचं का? ध्वनिव्यवस्था सांभाळणारे हमखास मागतात. माझं उत्तर नाही. 22 इंची हेडवर पाच इंचांचं भोक सहज खपतं, 16 इंचीवर तेच भोक पुढच्या हेडचं काम जवळजवळ बंद पाडतं. माइक पुढच्या हेडपासून काही इंचांवर, मध्यापासून थोडा बाजूला ठेवला तर भरपूर मिळतं. भोक हवंच असेल तर लहान आणि कडेजवळ.

गणिताच्या बाहेरची एक गोष्ट सांगून टाकतो. माइक नाही, गिटारचे ॲम्प मोठे आहेत आणि जागा उघडी आहे, अशा ठिकाणी 16 इंचीकडून चमत्कार मागू नका. तिथे 18 इंची न्या. 16 इंची लहान खोल्यांसाठी, काठ्यांऐवजी ब्रशने वाजवण्यासाठी, कॅफेसारख्या जागांसाठी आणि माइक असलेल्या मंचासाठी आहे.

सैल पडणारे रॉड

इतकं झाल्यावरही खालचे, पेडलजवळचे दोन रॉड सुटतील. तिथे झटका सगळ्यात जास्त आणि ताण कमी. त्यांना अजून आवळणं हा उपाय नाही. त्याने हेडचा खालचा भाग चढतो, वरचा सैल राहतो आणि एका ड्रममधून दोन स्वर निघायला लागतात.

आट्यांत घर्षण वाढवा. सगळ्यात सोपं म्हणजे नळकामात वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, रॉडच्या आट्यांवर दोन वेढे, आटे ज्या दिशेला फिरतात त्याच दिशेने. चावी फिरवताना जरा जड लागेल, तेच हवं आहे. दुसरा पर्याय नायलॉनचे लग लॉक (लग म्हणजे शेलवरची बैठक, जिच्यात रॉड आवळला जातो), जे रॉडच्या डोक्याजवळ बसून त्याला फिरू देत नाहीत. तिसरा, आटे धरून ठेवणारं द्रव. निळं घ्या, ते चावीने सुटतं. लाल लावलंत तर पुढचं हेड बदलताना रॉड तापवायची वेळ येईल.

स्नेअरच्या (खालच्या हेडला तारा असलेल्या ड्रमच्या) आणि टॉमच्या रॉडना तेलाचा थेंब देणं ठीक आहे, आट्यांचं आयुष्य वाढतं. सैल जुळवलेल्या किकच्या रॉडना मात्र तेल नको. एकाच तेलकट फडक्याने सगळं किट पुसायची सवय असेल तर किकपुरती सोडा.

जुन्या पद्धतीचे टी-आकाराचे रॉड असतील तर खालचे दोन तरी चावीच्या रॉडने बदला. टी-मुठीला स्वतःचं वजन असतं, ठोक्याठोक्याला ती हलते आणि हळूहळू रॉड उलटा फिरवते. बॅगेतही तीच अडकते. आणि जुळवणी पसंत पडली की प्रत्येक रॉडच्या डोक्यावर आणि शेजारी हूपवर पक्क्या शाईचा ठिपका द्या. कोणता किती फिरला ते वाजवायला बसण्यापूर्वी नजरेनेच कळतं.

खुळखुळ आणि गुणगुण

ताण कमी केल्यावर काही लगांच्या आतली स्प्रिंग मोकळी होऊन किणकिणते. कोणता लग ते शोधायला एकाने पेडल मारत राहावं, दुसऱ्याने एकेक लग बोटाने दाबून धरावा. सापडला की तो उघडून स्प्रिंगमध्ये फेल्टचा किंवा कापसाचा बोळा घाला.

टॉम मारला की स्नेअरच्या तारा गुणगुणतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. लहान किटमध्ये टॉम स्नेअरच्या अगदी डोक्यावर असतो आणि 10 किंवा 12 इंची टॉमचा स्वर स्नेअरच्या स्वराजवळ जाऊन बसतो. तारा आवळून हे जात नाही, स्नेअर गुदमरते तेवढी. टॉमचा स्वर एक पूर्ण स्वर वर किंवा खाली न्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. थोडी गुणगुण उरलीच तर उरू द्या, बाकीची वाद्यं सुरू झाल्यावर ती ऐकू येत नाही.

टॉम किकवर बसवू नका

16 इंची किकवर टॉमचा माउंट लावला की वजन वर जातं. राइजरवर उचललेला ड्रम अशाने डोलतो आणि प्रत्येक ठोक्याला टॉम नाचतो. टॉम एका जास्तीच्या स्नेअर स्टँडवर ठेवा. हलका पडतो, घडी होतो, उंची-कोन हवा तसा मिळतो आणि माउंटचा लोखंडी ऐवज नेण्यातून सुटका होते. स्टँडचे हात टॉमच्या खालच्या हूपला जेमतेम धरतील इतकेच आवळा, नाहीतर टॉम दबून वाजतो.

किट ‘हलकं’ करायला निघालेले लोक शेल लहान करतात आणि दुहेरी पायांचे जड सिम्बल (झांज) स्टँड तसेच घेऊन फिरतात. खरं वजन तिथेच आहे. लहान किटला एकेरी पायांचे किंवा जमिनीलगत सपाट बसणारे स्टँड पुरतात, एका अटीवर: तीन पायांपैकी एक पाय बरोबर सिम्बलच्या खाली, ज्या बाजूला वजन झुकलंय त्या बाजूला असला पाहिजे. दोन पायांच्या मधल्या फटीकडे सिम्बल झुकवलेला हलका स्टँड आज ना उद्या पडतोच. अशा स्टँडवर बूम हात लांब काढून 20 इंची राइड सिम्बल लावू नका, सरळ दांडीवर ठेवा.

एकात एक घालून नेताना

फ्लोअर टॉम किकच्या पोटात घालून नेणं मोहात पाडतं. मापताना टॉमचा व्यास मापू नका, लगच्या आणि पायाच्या ब्रॅकेटच्या बाहेरच्या टोकांपर्यंत मापा. 13 इंची टॉम 16 इंची शेलमध्ये जाईल असं वाटतं आणि ब्रॅकेटशी अडतं. 12 इंची बहुधा बसतो. शेलच्या आतले लगचे स्क्रू टॉमचं पॉलिश खरवडतात, म्हणून टॉम कापडी खोळीत घालूनच आत सरकवा.

पण आत घालायचं म्हणजे किकचं एक हेड दरवेळी काढायचं, आणि ‘घरी छान वाजतं, तिथे वाजत नाही’ यातला मोठा हिस्सा इथून येतो. काढायचंच असेल तर कायम पुढचंच काढा. मारायच्या हेडची जुळवणी कधीही मोडू नका. शेलवर एका लगजवळ आणि हेडच्या कडेवर खूण ठेवा, म्हणजे हेड त्याच जागी परत बसेल. बोटांनी आवळल्यापासून किती फेरे दिले ते शेलच्या आत पट्टीवर लिहून ठेवा. प्रत्येक रॉड त्याच्याच लगचा राहील असा क्रमाने कापडात गुंडाळा. हे सगळं नीट केलं तर पुढचं हेड परत जुळवायला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं तिथे मिळणार नसतील तर एकात एक घालू नका, एक बॅग जास्त न्या.

चावी बॅगेत ठेवू नका. ती पेडलला किंवा स्टूलला दोरीने बांधून ठेवा आणि दुसरी खिशात असू द्या. तिच्याबरोबर टेफ्लॉनची गुंडाळी, फेल्टची एक पट्टी, दोन जास्तीचे रॉड आणि खडूचा तुकडा. नव्या जागी मांडणी झाली की सगळ्यात आधी खडूची खूण बघायची, कारण तिथली जमीन घरच्याइतकी सपाट असेलच असं नाही.